माहिती चौकट : वांद्र्याच्या मेरी डिसूझा

• जन्म १९३१, मुंबई.
• स्प्रिंट म्हणजे ४०० मीटरपर्यंतची शर्यत. मेरी यांच्या शर्यती १०० आणि २०० मीटरच्या.
• १९५१, नवी दिल्ली, पहिल्या आशियाई स्पर्धा : २०० मीटरमध्ये कांस्य, ४ × १०० रिलेत रौप्य.
• १९५२, हेलसिंकी : ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक, सोबत नीलिमा घोष. प्रवासखर्चाची चणचण होती. वांद्र्यातल्या मित्रमंडळींनी नाचाचा कार्यक्रम आणि पत्त्यांची स्पर्धा भरवून पैसे उभे केले, हे आवर्जून नोंदवायला हवे.
• १९५४, मनिला : रिलेत सुवर्ण. याच चमूतल्या स्टेफी डिसूझा पुढे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावल्या.
• मेरी भारताकडून हॉकीही खेळल्या.
• ध्यानचंद पुरस्कार : २०१३.