परक्या प्रोसेसरचे कंटेनर

कंटेनरमध्ये प्रोग्राम आणि लायब्ररी असतात, कर्नल नसतो; तो यजमान यंत्राचाच. त्यामुळे आर्म प्रोसेसरसाठी बांधलेला कंटेनर इंटेलच्या यंत्रावर सुरू करू गेल्यास ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ एवढी ओळ उमटते आणि काम तिथेच थांबते. फाब्रिस बेलार यांनी २००३ साली पुढे आणलेला क्यूईएमयू इथे दुभाष्याचे काम करतो. आर्मच्या सूचनांचे छोटे तुकडे तो इंटेलच्या सूचनांत उतरवतो आणि पुन्हा लागतील म्हणून जपून ठेवतो. कर्नलकडे जाणाऱ्या विनंत्याही त्याला बदलाव्या लागतात: ‘राइट’चा क्रमांक ६४ बिटी आर्मवर ६४, तर इंटेलवर १.

या दुभाष्याला बोलावते ती लिनक्समधील ‘बिनएफएमटी मिस्क’ ही सोय, आणि सगळी गंमत तिच्यातच आहे. कंपाइल केलेल्या फाइलीच्या सुरुवातीला ७एफ हा बाइट आणि ई, एल, एफ ही अक्षरे असतात. एकोणिसाव्या बाइटपासून प्रोसेसरचा क्रमांक. ६४ बिटी आर्मचा १८३, इंटेलचा ६२. कर्नल ही खूण आपल्या नोंदींशी ताडतो आणि १८३ दिसला की फाइल परस्पर क्यूईएमयूच्या हाती देतो. आतल्या प्रोग्रामला याची गंधवार्ता नसते.

एक गाठ मात्र बरीच वर्षे सुटली नव्हती. क्यूईएमयूची फाइल कंटेनरच्या आत शोधली जाई, तिथे ती नसे. मग प्रत्येक इमेजमध्ये तिची प्रत कोंबावी लागे. २०१६ मध्ये लिनक्स ४.८ ने नोंदीसाठी ‘एफ’ हे अक्षर आणले. ते असले की कर्नल नोंदणीच्या क्षणीच फाइल उघडून धरून ठेवतो. फक्त क्यूईएमयू स्टॅटिक बांधलेला हवा, नाहीतर त्याच्या लायब्ररी पुन्हा कंटेनरातच शोधल्या जातात.

नोंद मेमरीत राहते. यंत्र बंद करून चालू केले की ती पुसली जाते. शिवाय विशेष अधिकार दिलेल्या कंटेनरने केलेली नोंद, तो कंटेनर गेला तरी यजमानावर उरते. चालत्या प्रोग्रामवर नजर ठेवणारी, स्ट्रेससारखी पीट्रेसवर बेतलेली साधने आत चालत नाहीत. आणि वेग! शेलमध्ये दोन-चार आज्ञा दिल्या तर मंदपणा जाणवतही नाही. मोठा सी++ प्रकल्प कंपाइल करायला घेतला की मिनिटांचे काम तासांवर जाते. तेव्हा कंपायलर यजमानाच्याच प्रोसेसरवर चालवून त्याच्याकडून आर्मची फाइल काढून घ्यावी, आणि क्यूईएमयू ती तपासून पाहण्यापुरता ठेवावा.