उपग्रहाच्या नजरेतला एक गुंठा

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्या अशा तुटून पडल्या की झाडावर पानांच्या शिराच काय त्या उरल्या. अळी लहान असताना नजरेला पडली असती तर एखाद्या फवारणीत भागले असते. ती दिसली तेव्हा वेळ निघून गेली होती. या फटक्यानंतर २००९-१० मध्ये राज्याच्या कृषी खात्याने ‘क्रॉपसॅप’ हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. कीड सर्वेक्षकाने ठरलेल्या शेतात जायचे, झाडे धरून अळ्या मोजायच्या, आकडा संगणकावर चढवायचा. आकडा आर्थिक नुकसानीच्या पातळीपुढे सरकला की त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर सल्ला जायचा.

तालुका कृषी कार्यालयात तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेचे नावही कुणी काढत नसेल. पण १७ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९’ मंजूर केले, त्यात आधाराला घेतलेल्या जुन्या व्यवस्थांमध्ये क्रॉपसॅप आहे. महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्र उभारणारा ‘महावेध’ आहे, शेतकरी ओळखपत्राची ‘ॲग्रीस्टॅक’ आहे, योजनांचे अनुदान थेट खात्यात देणारी ‘महाडीबीटी’ आहे. धोरणाच्या बातम्या आल्या त्या ड्रोन, चॅटबॉट आणि रोबो यांच्या. मला त्यातली ही जुनी नावेच महत्त्वाची वाटतात. यंत्र जे शिकते ते आधी कुणीतरी चिखलात उभे राहून लिहून ठेवलेले असते.

धोरणाचा आराखडा थोडक्यात असा. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये. वर सुकाणू समिती, तिच्या हाताखाली कृषी-एआयसाठी नवोपक्रम केंद्र. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत संशोधन व उबवणी केंद्रे, त्यांना आयआयटीसारख्या संस्थांची जोड. पिकांची माहिती एकमेकांना देता-घेता येईल अशी सामायिक व्यवस्था. निर्यातीच्या मालाची पाळेमुळे शेतापर्यंत शोधता यावीत म्हणून क्यूआर कोड आणि ब्लॉकचेन. आणि अर्थातच परिषदा, हॅकेथॉन वगैरे. त्याशिवाय हल्ली कुठलेही धोरण पुरे होत नाही.

पाचशे कोटी हा आकडा कानाला भरघोस लागतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात वहितीखालची खाती सुमारे १ कोटी ५२ लाख आहेत आणि सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर. भागाकार केला तर खात्यामागे तीन वर्षांत सव्वातीनशे रुपयांच्या आसपास येतात, म्हणजे वर्षाला एकशेदहा. तेवढ्यात प्रत्येकाच्या शेतात संवेदक बसणार नाही, हे उघड आहे. हा पैसा सामायिक पायाभूत कामालाच जाणार आणि गेलाही पाहिजे. मग ते काम नेमके काय, हे पाहायला हवे.

आधी आकाशातून सुरुवात करू. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रे जगाला फुकट मिळतात आणि शेतीतल्या कितीतरी एआय सेवा त्यांवरच उभ्या आहेत. दर पाच दिवसांनी त्याच जागेचे नवे चित्र येते. हिरवे निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. पीक ताणात आले की हे प्रमाण बदलते, आणि आपल्याला पान पिवळे दिसण्याआधीच ते मोजता येते. या चित्रातला सर्वांत छोटा चौकोन दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटरचा असतो. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. उपग्रहाचा ठिपका आणि आपला गुंठा जवळजवळ तंतोतंत जुळतात, हा योगायोग मला फार आवडतो. एकराचे शेत म्हणजे उपग्रहाला चाळीस ठिपके.

मात्र चाळीसांतले कडेचे ठिपके बांधावर पडतात. त्यांत अर्धे आपले सोयाबीन, अर्धी शेजाऱ्याची तूर, मधे बोरीबाभळी आणि पायवाट. शेत अरुंद पट्ट्याचे असेल, आणि वाटण्या होत होत ती तशीच झालेली आहेत, तर धड आपला म्हणावा असा ठिपका थोडाच उरतो. त्यात आपल्याकडे आंतरपिकाची रीत: सोयाबीनच्या काही ओळी, मग तुरीची एक, कपाशीत मूग-उडीद. अमेरिकेतल्या शेकडो एकरांच्या मक्यावर शिकलेल्या यंत्राला हे शिवार म्हणजे गोंधळच वाटणार. त्याला इथले पीक ओळखायला शिकवायचे तर इथल्याच हजारो शेतांची, अमुक गटात अमुक तारखेला अमुक पीक उभे होते अशी खात्रीची नोंद हवी.

आणि ढग. जून ते सप्टेंबर, जेव्हा खरिपाचा जीव टांगणीला असतो, नेमके तेव्हाच आभाळ भरलेले असते आणि प्रकाशावर चालणारा उपग्रह कितीतरी फेऱ्यांत आंधळाच जातो. त्यावर उपाय रडारचा. रडारच्या लहरी ढगातून आरपार जातात. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेला, नासा आणि इस्रो यांचा ‘निसार’ उपग्रह दोन वेगवेगळ्या तरंगलांबींच्या रडारने दर बारा दिवसांनी जमीन न्याहाळतो. ओलावा आणि पिकाची वाढ यांचा अंदाज त्यातून येऊ शकतो. पावसाळी शेतीच्या प्रदेशाला याचे मोल मोठे आहे. परंतु रडारचे चित्र वाचणे प्रकाशचित्रापेक्षा कितीतरी अवघड, आणि तिथे जमिनीवरच्या नोंदीवाचून पाऊलही पुढे पडत नाही.

नोंद चांगली असेल तर काय होते याचे एक उत्तम उदाहरण २०२५ च्या मोसमातच दिसले. पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी, म्हणजे विक्रमी लवकर, मुंबईत पोहोचला आणि मग अडखळला. अशा वेळी कोरडवाहू शेतकऱ्यापुढे जुनाच पेच असतो: पेरावे तर दुबार पेरणीची धास्ती, थांबावे तर वापसा हुकण्याची. केंद्रीय कृषी मंत्रालयाने त्या वर्षी तेरा राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना एआयच्या मदतीने केलेले मोसमी आगमनाचे अंदाज एसएमएसने पाठवले आणि मधला खंड त्यात आधीच सांगितलेला होता. गूगलचे ‘न्यूरल जीसीएम’ आणि युरोपीय हवामान केंद्राचे ‘एआयएफएस’ ही प्रारूपे त्यात वापरली होती. त्यांच्या जोडीला भारतीय हवामान खात्याकडची १२५ वर्षांची पावसाची आकडेवारी होती. सवाशे वर्षे कुणी ना कुणी रोज पर्जन्यमापकातले पाणी मोजून वहीत मांडत आले, तेव्हा कुठे हे जमले. त्या वह्यांसाठी कुणी हॅकेथॉन भरवले नव्हते.

कपाशीची गोष्ट आणखी जमिनीवरची आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ही अळी बोंडाच्या आत बसते, बाहेरून कळत नाही. डोमकळ्या, म्हणजे न उमलता मिटलेली फुले, दिसू लागतात तेव्हा ती आत शिरलेली असते. म्हणून शेतात कामगंध सापळे लावतात आणि त्यात अडकलेले नर पतंग मोजतात. सलग तीन दिवस दर सापळ्यात आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हा कृषी विद्यापीठांचा निकष. कागदावर हे सोपे आहे. ऐन कामाच्या धबडग्यात रोज सापळा उपसून पतंग कोण मोजणार, आणि तो पतंग गुलाबी बोंडअळीचाच हे कसे ओळखणार?

वाधवानी एआय या संस्थेने नेमके तेवढेच काम यंत्राला दिले. सापळ्यातले पतंग पांढऱ्या कागदावर ओतायचे, फोनने फोटो काढायचा. यंत्र पतंग मोजते आणि फवारणी करावी की नाही ते सांगते. नेटवर्क नसतानाही चालावे म्हणून प्रारूप फोनमध्ये मावेल इतके आटोपशीर केलेले आहे. २०१९ मध्ये गूगलच्या जागतिक स्पर्धेत या कामाला २० लाख डॉलरचे अनुदान मिळाले. मला त्यातला संयम भावतो. शेतकऱ्याला शेती शिकवण्याचा आव त्यात नाही. मोजण्याचा त्रास आहे, तेवढा उचलला. अनावश्यक फवारणी टळली की पैसा वाचतो आणि यवतमाळसारख्या ठिकाणी जीवही वाचू शकतो. सरकारी पैशाने करायची एआयची कामे अशीच असावीत असे वाटते: छोटी, नेमकी, चूक झाली तर लगेच कळेल अशी.

तरी चर्चा सगळी बारामतीच्या उसाची होते. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साथीने उसावर एआयचा प्रयोग केला; २०२४ मध्ये हजारभर ऊस उत्पादकांना त्यात घेतले. मातीतले संवेदक, शेजारचे हवामान केंद्र आणि उपग्रह यांची माहिती जुळवून शेतकऱ्याच्या फोनवर येते: आज पाणी इतके द्या, या कोपऱ्यात नत्र कमी आहे, तोडणीला अजून थांबा. २०२५ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याचा उल्लेख केला आणि बारामती जगभर पोहोचली. उत्पादनवाढीचे आणि पाणीबचतीचे मोठमोठे आकडे सांगितले जातात. ते वेगवेगळ्या गावांत, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा अशा सगळ्या प्रकारांत टिकतात का, हे दोन-तीन गळीत हंगामांनी ठरेल. पाणीबचत खरी ठरली तर उसाला लागणारे पाणी पाहता तेवढ्यानेही प्रयोगाचे चीज होईल.

पण उसाला आधीपासून काय काय लाभले आहे ते पाहा. बारमाही पाणी आहे. माल घ्यायला ठरलेला कारखाना आहे, ठरलेला किमान दर आहे. कारखान्याच्या शेती विभागात लागवडीची तारीख, जात आणि क्षेत्र यांची नोंद आहे. मांजरीचे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पाठीशी आहे. खर्चाचा वाटा उचलायला कारखाना पुढे येतो, कारण योग्य वेळी तोडणी झाली तर साखर उतारा त्याचाच वाढतो. एवढी घडी बसलेल्या पिकात एआय चालले यात नवल नाही. हिंगोलीच्या कोरडवाहू सोयाबीनला यातले काहीच नाही. तिथल्या शेतकऱ्याला संवेदक देऊन ‘पाणी द्या’ असा निरोप पाठवला तर तो हसेल. शेजारच्या तेलंगणाने खम्मममध्ये सात हजार मिरची उत्पादकांबरोबर जो ‘सागु बागु’ प्रकल्प केला त्यात सल्ला देणाऱ्या चॅटबॉटबरोबर मालाची प्रत तपासण्याची आणि खरेदीदार गाठून देण्याची सोय होती. बाजाराची बाजू नसती तर नुसत्या सल्ल्याने तिथेही फार काही झाले नसते, असे माझे मत आहे.

आता घरचा दप्तरखाना. सातबाऱ्यातला सातचा नमुना जमीन कुणाची ते सांगतो, बाराचा तीत काय पिकते ते. बाराचा नमुना कसा भरला जातो हे खेड्यातल्या कुणालाही विचारा. गेल्या वर्षीचाच पेरा यंदाही उतरल्याच्या तक्रारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेल्या ‘ई-पीक पाहणी’ने हे काम शेतकऱ्याच्या हाती दिले. आपल्या शेतात उभे राहून, जागेच्या खुणेसह पिकाचा फोटो काढायचा आणि चढवायचा. शेवटच्या मुदतीला सर्व्हर अडकतो, डोंगरी गावात नेटवर्क मिळत नाही, हे सगळे आहेच. तरीही प्रत्येक गटात कोणते पीक आहे याचा छायाचित्रासह संग्रह तयार होतो आहे. यंत्राला इथली पिके ओळखायला शिकवायचे तर यापरता मोठा खजिना नाही.

या खजिन्यात कोण येत नाही तेही पाहिले पाहिजे. बटाईने शेत कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. नवऱ्याच्या नावावरची शेती सांभाळणाऱ्या बाईचे नसते. ॲग्रीस्टॅकचे शेतकरी ओळखपत्र जमिनीच्या नोंदीशी बांधलेले आहे, आणि योजना, विमा, सल्ला या सगळ्याची वाट हळूहळू त्याच ओळखपत्रातून जाऊ लागली आहे. ‘महाविस्तार’ हे कृषी खात्याचे मराठी एआय ॲप २०२५ च्या खरिपाच्या तोंडावर आले. प्रश्न विचारायला ते चांगले आहे. अहिराणी किंवा वऱ्हाडीत विचारलेले त्याला जितके जास्त कळेल तितके ते गावात चालेल. सल्ला कुणालाही देता येतो. भरपाई मात्र कागदावरच्या नावालाच मिळते.

एआयच्या सल्ल्याकडे शेतकरी दुर्लक्ष करू शकतो. एआयच्या निवाड्याकडे करू शकत नाही. पीक विम्यात पूर्वी उत्पन्न ठरायचे ते पीक कापणी प्रयोगांवरून. केंद्राच्या ‘येस-टेक’ पद्धतीत उपग्रहावर आधारलेल्या अंदाजाला भात आणि गव्हासाठी २०२३ च्या खरिपापासून किमान ३० टक्के भार दिला गेला आणि पुढे सोयाबीनही त्यात आले. कापणी प्रयोगात गडबडी होत होत्या, सरकारी जमिनीवरही विमा उतरवणारे महाभाग २०२४ मध्ये राज्यानेच पकडले. तेव्हा यंत्राचा डोळा हवा, हे मान्य. पण कापणी प्रयोगाला गावकरी बांधावर उभे राहू शकत होते, वजनकाट्याकडे बघू शकत होते, पंचनाम्यावर हरकत घेऊ शकत होते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या शेतांतून वाहिल्या, माती खरवडून गेली. अशा वर्षी उपग्रहाचा आकडा आणि शेतातली स्थिती जुळली नाही तर शेतकऱ्याने जायचे कुठे? विद्यापीठांत चार केंद्रे उभारताना एक काम पदराला खार लावूनही करण्याजोगे आहे: आपल्या गटाचे चित्र, त्यावरून काढलेला आकडा आणि त्यावर हरकत घ्यायचा अर्ज, हे तिन्ही तालुका कृषी कार्यालयाच्या खिडकीवर, मराठीत, मागेल त्याला मिळावे.