किल्ली कुणाला, किती आणि कशी?

घराच्या किल्ल्यांच्या बाबतीत आपण बायका किती काटेकोर असतो! दर्शनी दाराची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवू, पण कपाटाची? ती आपल्याजवळच. हाच संसार फोनमध्ये शिरला, आणि हा काटेकोरपणा कुठे गेला कोण जाणे! वीजबिलाचा, वायफायचा, बँकेचासुद्धा पासवर्ड घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून आपण मोकळ्या होतो.

आता, पासवर्ड कुणाला सांगूच नये म्हणून संसार चालत नाही. यजमान फिरतीवर असतात, सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, मुलगी परगावी होस्टेलवर असते. तेव्हा धान्य निवडतो तसे आधी तीन वाटे करा.

कुणालाही नाही

एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन आणि फोनवर येणारा ओटीपी. हे तिन्ही मागणारा गोड बोलो की धाक दाखवो, सांगायचे नाहीत. लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो फक्त देताना लागतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियमही माहीत असू द्या: ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्याच माथी.

ई-मेलचा पासवर्डही याच वाट्यातला. ‘पासवर्ड विसरलात?’ असं दाबलं की नवा पासवर्ड करायची सोय बहुधा ई-मेलवरच येते. म्हणजे ज्याच्या हाती ई-मेल, त्याच्या हाती सगळा जुडगा.

पासवर्डऐवजी सोय

“नवरा-बायकोत कसली आलीय चोरी?” असं कुणी म्हणेल. चोरीचा प्रश्नच नाही. पण एकाचा पिन दुसऱ्याने वापरला, की पुढे घोटाळा झाल्यावर कोणी काय केलं याचा पत्ता लागत नाही. त्यापेक्षा संयुक्त खातं काढा आणि दोघांनी आपापला पासवर्ड घ्या. यूपीआयमध्ये २०२४ साली ‘यूपीआय सर्कल’ ही सोय आली. आपल्या खात्यातून घरच्या माणसाला ठरावीक मर्यादेत खर्च करू देता येतो, किंवा प्रत्येक खर्चाला आपण मंजुरी द्यायची. आपल्या ॲपमध्ये ती आहे का, ते पाहून घ्या.

खुशाल द्या, पण रीतीने

वायफाय, टीव्हीचं ॲप, वीजबिलाचं खातं, मुलांच्या शाळेचं ॲप. हे घरात सगळ्यांना हवेतच. मात्र चार पथ्यं पाळा.

१. समोरासमोर सांगा. माणूस दूर असेल तर अर्धा पासवर्ड फोनवर बोलून आणि अर्धा संदेशाने कळवा. संदेशात तो कशाचा आहे हे लिहू नका.

२. ग्रुपवर नको, फोटोही नको. आपण पुसला तरी दुसऱ्याच्या फोनमध्ये कुणी त्याचा फोटो काढून ठेवला असेल, तर तो राहतोच.

३. एकच पासवर्ड सगळीकडे नको. टीव्हीचा आणि ई-मेलचा एकच असेल, तर भाच्याला सिनेमा दाखवता दाखवता घराची किल्लीच दिलीत!

४. काम झालं की बदला. पाहुणे गेले, दुरुस्तीवाला येऊन गेला, की दोन मिनिटांचं काम.

नवा पासवर्ड करताना मुलांची नावं, जन्मतारखा टाळा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा, उदाहरणार्थ पातेलं, रेल्वे, जास्वंद, मंगळवार. (हेच मात्र घेऊ नका!) लांब पासवर्ड ओळखायला कठीण आणि आपल्याला आठवायला सोपा.

कपाटातली वही

सगळं डोक्यात कसं राहणार? खुशाल कागदावर लिहा. दूरदेशी बसलेल्या भामट्याचा हात आपल्या कपाटापर्यंत पोचत नाही. खात्यांची यादी, ई-मेलचा पासवर्ड, विम्याचे नंबर एका लिफाफ्यात घालून तो चिकटवा, कपाटात कुलूपबंद ठेवा आणि घरातल्या एका भरवशाच्या माणसाला जागा सांगून ठेवा. घरचा कर्ता माणूस अचानक दवाखान्यात दाखल झाला, म्हणजे या लिफाफ्याची किंमत कळते. पिन मात्र त्यात नको. माणूस गेल्यावर त्याचा पिन वापरून पैसे काढायचे नसतात. त्यासाठी खात्यावर नॉमिनीचं नाव लागतं. आपल्या प्रत्येक खात्यावर ते आहे ना, हे याच आठवड्यात बँकेत विचारून या.

इतकं करूनही कुणी फसवलंच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सरकारी मदत क्रमांकावर आणि बँकेला कळवा. जितकी घाई कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी दुपारचा चहा झाला की घरातल्या सगळ्यांना घेऊन बसा आणि तीन वाटे करून टाका. सासूबाईंनाही बोलवा हं. भामट्यांचे फोन बहुतेक त्या एकट्या असतानाच यायचे!