द्विरुक्तीची कळ: टंकित नकलांतील ठिपक्यांचा पुरावा

करवीरच्या मोडी कागदांच्या बालबोध नकला चाळीत असतां आमचें लक्ष एकदां अक्षरांऐवजीं ठिपक्यांकडे गेलें. मूळ कागद फाटलेला, कसर लागलेला किंवा पाण्यानें पुसलेला असला म्हणजे नकलकार त्या जागीं ठिपके मांडतो, ही चाल वाचकांस परिचित आहेच. आमच्यापुढें एकाच पत्राच्या दोन नकला होत्या. एक फार वर्षांपूर्वीं हाताच्या टंकयंत्रावर केलेली, दुसरी अलीकडे संगणकावर केलेली. पहिलींत गळलेल्या जागीं सात ठिपके होते. दुसरींत त्याच जागेपासून ठिपक्यांची रांग ओळीच्या अंतापर्यंत धांवत गेली होती. मधल्या काळांत मूळ कागदाची कड झडून गेल्यामुळें मुळावरून पडताळा पाहण्याची सोय उरली नाहीं. तेव्हां असा प्रश्न उत्पन्न झाला कीं, ठिपक्यांच्या संख्येवर विश्वास ठेवावा किंवा नाहीं, व ठेवावयाचा तर कोणत्या नकलेच्या? उत्तर शोधूं जातां कळ दाबून धरून तेंच चिन्ह पुनःपुन्हां उमटविण्याच्या ज्या युक्त्या निघाल्या, त्यांचा इतिहास आम्हांस पाहावा लागला. तो येथें थोडक्यांत सादर करतों.

१. लेखणीची द्विरुक्ति

तेंच तें पुन्हां लिहिण्याचा कंटाळा यंत्राबरोबर जन्मास आला, असें नाहीं. संस्कृत व मराठी पोथ्यांत शब्द दोनदां वाचावयाचा असल्यास लेखक तो एकदां लिहून पुढें २ हा अंक मांडतो. ‘पुनः २’ असें लिहिलेलें ‘पुनः पुनः’ असें वाचावयाचें. नांवामागें ‘श्री १०८’ लिहिण्याची चाल याच जातीची आहे. एकशें आठ श्रीकारांचें काम एका अंकानें होतें. दप्तरी कागदांत हेंच काम शब्दांनीं केलें आहे. गांव एकदां सांगितल्यावर पुढें ‘मौजे मजकूर’, माणूस एकदां सांगितल्यावर ‘मशारनिल्हे’, गोष्ट एकदां सांगितल्यावर ‘सदरहू’. या सर्व युक्त्यांत एक गोष्ट समान आहे. आवृत्ति किती व कशाची, हें लेखकानें जाणूनच लिहिलेलें असतें.

त्यांत घोटाळा मुळींच होत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. मोडी यादींत संख्या वस्तूच्या मागाहून येते. ‘घोडा १’, ‘गांव २’. म्हणून ‘घर २’ या अक्षरांनीं दोन घरें समजावयाचीं कीं ‘घर घर’ असें वाचावयाचें, हें संदर्भावरूनच ठरवावें लागतें. शिवाय नजर घसरून तीच ओळ दोनदां उतरली जाणें, हा दोष प्रत्येक हस्तलिखितसंग्राहकानें पाहिलेला असेल. परंतु तो दोष डोळ्याचा होय. चुकून उतरलेल्या त्या ओळींतील प्रत्येक अक्षरही हातानें वेगळें वळविलेलेंच असतें.

२. हाताचें टंकयंत्र

अमेरिकेंत क्रिस्टोफर लॅथम शोल्स व त्याचे सहकारी यांनीं १८६८ सालीं टंकयंत्राचें पेटंट मिळविलें व त्यांचें सुधारलेलें यंत्र रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालीं बाजारांत आणिलें. पुढें आपल्या कचेऱ्यांतून व न्यायालयांच्या आवारांतून खडखडणारीं देवनागरी यंत्रें याच वंशांतलीं. गोदरेज अँड बॉइस कंपनीनें १९५५ सालीं भारतीय बनावटीचें टंकयंत्र तयार केलें व २००९ सालीं त्याचें उत्पादन थांबविलें. आपल्या संग्रहांतील बऱ्याच टंकित नकला या जातीच्या यंत्रांवर झालेल्या आहेत.

या यंत्राची रचना आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. कागद धरणाऱ्या गाडीस एक कमान सतत डावीकडे ओढीत असते. परंतु दातेऱ्यांत अडकलेली खिट्टी तिला जाऊं देत नाहीं. कळ दाबली म्हणजे अक्षर उमटतें, आणि एक खिट्टी सुटून दुसरी अडकते. बोट उचललें म्हणजे खिट्ट्यांची पुन्हां अदलाबदल होऊन गाडी बरोबर एक दांता पुढें सरकते. कळ कितीही वेळ दाबून धरली तरी गाडी जागच्या जागीं उभी राहते. दुसरें अक्षर उमटण्यास बोट उचलून पुन्हां आघात केलाच पाहिजे. कांहीं यंत्रांत कोरी जागा सोडण्याची पट्टी दाबून धरल्यास गाडी सरकत राहील अशी सोय केलेली असे. पण ती कोऱ्या जागेपुरतीच.

यावरून निघणारा सिद्धांत सोपा आहे. हाताच्या यंत्रावरील सात ठिपके म्हणजे सात आघात. नकलकाराच्या मनानें मोजलें असो वा नसो, त्याच्या बोटानें सात वेळां काम केलें आहे.

३. विजेचें टंकयंत्र

आयबीएम कंपनीनें १९३३ सालीं इलेक्ट्रोमॅटिक टंकयंत्रांचा कारखाना विकत घेतला व १९३५ सालीं आपलें विजेचें टंकयंत्र बाजारांत आणिलें. अशा यंत्रांत एक रूळ विजेच्या जोरावर सतत फिरत असतो. कळ दाबतांच तिच्याशीं जोडलेलें लहान चाक त्या रुळास भिडतें आणि रुळाच्या जोरानें अक्षर कागदावर आदळतें. बोटाकडे केवळ इशारा देण्याचें काम उरतें.

येथें जुनी अडचण उलट झाली. हाताच्या यंत्रांत आवृत्ति घडवून आणणें कठीण होतें. विजेच्या यंत्रांत ती रोखून धरणें भाग पडलें. रूळ तर फिरतच आहे. तेव्हां एका दाबास एकच अक्षर उमटावें यासाठीं निराळा अटकाव बसवावा लागला. हा अटकाव असतांना, ज्या थोड्या चिन्हांस आवृत्ति सोयीची, त्यांच्यापुरता तो सैल ठेवणें ही पुढची पायरी. १९६१ सालच्या ‘सिलेक्ट्रिक’ यंत्रांत कोरी जागा, मागें सरणें, आणि आडवी रेघ व अधोरेषा यांच्या कळा हलक्या दाबल्यास एकदांच काम करीत व खोल दाबल्यास करीतच राहत. अक्षरांना मात्र ही मुभा नव्हती. यंत्रकारांनीं रेघ व अक्षर यांत केलेला हा भेद आम्हांस अतिशय मार्मिक वाटतो. रेघ कितीही लांबली तरी अर्थ बिघडत नाहीं, अक्षर वाढलें तर बिघडतो. आपल्या मोडी लेखकानेंही हाच भेद पाळला आहे. शिरोरेषा तो ओळभर एकदम ओढून घेतो व अक्षरें मागाहून एकेक लटकवितो.

४. संगणकाचा कळफलक

१९६३ सालच्या ‘टेलिटाइप ३३’ या तारयंत्रावर आवृत्तीसाठीं स्वतंत्र कळ होती. ती दुसऱ्या कळेबरोबर दाबून धरली तरच अक्षर पुनःपुन्हां जाई. १९७७ सालच्या ‘ॲपल २’ संगणकावरही अशीच कळ होती. म्हणजे आवृत्ति हवी, असें लिहिणाऱ्यास दुसऱ्या बोटानें मुद्दाम सांगावें लागे. १९८१ सालच्या आयबीएमच्या घरगुती संगणकांत ही वेगळी कळ उरली नाहीं. कोणतीही कळ अर्धा सेकंद दाबलेली राहिली कीं कळफलक तेंच चिन्ह सेकंदास दहा या वेगानें पाठवूं लागे. १९८४ सालच्या पुढील संगणकांत हा विलंब पाव सेकंदापासून एक सेकंदापर्यंत व वेग सेकंदास दोनपासून तीसपर्यंत बदलतां येऊं लागला. आजच्या यूएसबी जोडणीच्या कळफलकांत फलक केवळ कळ खालीं आहे एवढेंच कळवितो. आवृत्ति संगणकाची कार्यप्रणाली करते. म्हणून तेंच बोट तितकाच वेळ टेकलें तरी दोन संगणकांवर दोन निराळ्या संख्या उमटूं शकतात.

१९८१ सालच्या मानानें हिशेब केला, तर दोन सेकंद दाबून धरलेली कळ सुमारें सोळा ठिपके उमटविते. ते सोळा ठिपके सोळा कृत्यांची साक्ष देत नाहींत. बोट दोन सेकंद टेकलेलें होतें, एवढीच त्यांची साक्ष. हाताच्या यंत्रावर संख्या हा पुरावा होता. येथें संख्या हा केवळ काळाचा शेष आहे. त्यांत भर अशी कीं, लेखनाच्या कांहीं आज्ञावली ओळीनें आलेले तीन ठिपके आपण होऊन एका जोडचिन्हांत बदलतात. मग तीन ठिपक्यांचें एक चिन्ह मोजावयाचें कीं तीन?

५. न दिसणारी द्विरुक्ति

देवनागरीच्या वाट्यास याहून सूक्ष्म संकट आलें आहे. हाताच्या देवनागरी यंत्रांत अनुस्वारासारख्या चिन्हांच्या कळा गाडी न हलवितां उमटत. चुकून दोनदां आघात झाला, तर दुसरा ठिपका पहिल्यावरच पडे व शाई अधिक काळी होई. भिंगाखालीं ती चूक ओळखतां येते. संगणकावरील जुन्या फाँटांतही दुसरा अनुस्वार पहिल्यावर तंतोतंत बसतो. परंतु येथें शाई काळी होत नाहीं. डोळ्यास शब्द निर्दोष दिसतो, आणि आंत मात्र एक चिन्ह अधिक असतें. युनिकोडच्या फाँटांत असें चिन्ह पुष्कळदां तुटक वर्तुळावर निराळें दिसतें. तसें दिसलें तर दोष हातीं लागतो, न दिसलें तर राहून जातो.

याचा परिणाम शोधाच्या वेळीं कळतो. सूची संगणकावर आहे, संशोधक ‘अंबाबाई’ किंवा ‘पंत अमात्य’ हीं अक्षरें घालून शोध करतो, आणि ज्या कागदांत तो अनुस्वार दोनदां पडला आहे तो कागद त्यास सांपडत नाहीं. कागद संग्रहांत असून नसल्यासारखा होतो. कसरीनें खाल्लेला कागद निदान खाल्लेला दिसतो.

६. संख्येचें मोल

ठिपक्यांची एवढी चिकित्सा कशास, असें कोणी म्हणेल. एक काल्पनिक उदाहरण घेतों. पत्रांत ‘राजश्री’ या शब्दानंतर कांहीं अक्षरें गळालीं असून पुढें ‘राव घोरपडे’ एवढें शिल्लक आहे, असें समजा. गळालेलीं अक्षरें दोन असतील तर ‘हिंदु’ संभवतें. तीन असतील तर इचलकरंजीकर ‘व्यंकट’ किंवा गुत्तीकर ‘मुरार’. संख्येनें नांव सिद्ध होत नाहीं हें खरें, पण एका घराण्याचें नांव वगळलें जातें. ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ यांसारखे डॉ. आप्पासाहेब पवार यांनीं संपादिलेले खंड ज्यांनीं वापरले आहेत, त्यांस एका नांवावर किती अनुमानें उभीं राहतात हें सांगण्याची गरज नाहीं. १९४९ सालीं करवीर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झाल्यापासून येथील कागद किती हातांतून गेले असतील तें असो; जेथें मूळ झडलें, तेथें नकलेंतील ठिपके हाच मुळाचा अवशेष होय.

तथापि हाताच्या यंत्रावरील ठिपकेही आंधळेपणानें मानूं नयेत. त्यांची एक कसोटी आम्ही लावून पाहतों. एकाच नकलेंतील सर्व गळालेल्या जागा मोजाव्या. सर्वत्र पांचच किंवा सर्वत्र सातच ठिपके असतील, तर ती नकलकाराची संवय आहे, मोजणी नव्हे. कोठें दोन, कोठें सात, कोठें अकरा असे असतील, तर त्यानें मूळ पाहून जागेचा अंदाज घेतला होता असें मानण्यास आधार मिळतो. आरंभीं उल्लेखिलेल्या जुन्या नकलेस ही कसोटी लाविली, तेव्हां ठिपक्यांच्या संख्या जागोजागीं निरनिराळ्या निघाल्या. म्हणून तिचे सात ठिपके आम्ही ग्राह्य धरले. अक्षरें नेमकीं सात होतीं असें मात्र म्हणत नाहीं, सुमारें सात म्हणतों. दुसऱ्या नकलेंतील रांगेवरून ‘येथें कांहीं गळालें आहे’ एवढेंच घेतलें.

यावरून संग्राहकांस आमची विनंति अशी. गळालेल्या जागीं ठिपक्यांवर विसंबूं नये. कंसांत ‘सुमारें ७ अक्षरें गळालीं’ असें अंकांत लिहावें व जागेची रुंदी मोजून द्यावी. पोथींतील द्विरुक्तीचा २ हा अंक नकलेंत जसाच्या तसा ठेवावा, उलगडा टीपेंत करावा. संगणकावर नकल करतांना कळेची आवृत्ति बंद ठेवावी किंवा तिचा विलंब वाढवावा. ही सोय प्रचलित कार्यप्रणालींत असते. नकल कोणत्या प्रकारच्या यंत्रावर केली, हें तिच्या शेवटीं नमूद करावें.

आणि शेवटची विनंति सर्वांत महत्त्वाची. नवी नकल संगणकावर झाली म्हणून जुन्या टंकित नकला व त्यांच्या कार्बन-प्रति रद्दींत घालूं नयेत. त्यांतील प्रत्येक ठिपका कोणा तरी नकलकारानें बोट उचलून, मूळ कागदाकडे पाहून उमटविलेला असण्याचा संभव आहे. आणि तो मूळ कागद कदाचित् आज आपल्यापाशीं नाहीं.