कोलाऱ्याची जमीन आणि वरचे पैसे

ताडोबाचे कोलारा प्रवेशद्वार चिमूर तालुक्यात आहे. वाघ पाहायला येणाऱ्यांची गर्दी वाढली, तशी त्या बाजूच्या शेतजमिनींवर शहरातल्या पैसेवाल्यांची नजर गेली. जमिनीच्या सौद्यात एक प्रस्ताव आपल्याकडे जुनाच आहे: खरेदीखतात सरकारी दराएवढी रक्कम लिहू, वरचे पैसे रोखीत देऊ, दोघांचाही टॅक्स वाचेल. खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी हे साफ खोटे आहे. जो कर त्याला बहुतेक वेळा लागूच नसतो, तो वाचवण्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या करचुकवेगिरीचा धोका त्याच्या गळ्यात घातला जातो.

आयकर कायदा ग्रामीण शेतजमिनीला भांडवली मालमत्ता मानत नाही. नगरपालिकेची लोकसंख्या 10 हजारांहून जास्त आणि 1 लाखापर्यंत असेल, तर तिच्या हद्दीपासून सरळ रेषेत 2 किलोमीटरपलीकडची शेतजमीन विकून झालेल्या नफ्यावर कर नाही. मोठ्या शहरांसाठी हे अंतर 6 आणि 8 किलोमीटर आहे. चिमूर शहराला लागून जमीन असेल तर अंतर तपासून घ्यावे. विक्रीआधीच जमीन अकृषक करून घेतली असेल तर सवलत जाते. पण दूरच्या गावातली, खरोखर पिकाखालची जमीन पूर्ण किमतीला विकून सगळे पैसे बँकेतून घेतले, तरी त्या नफ्यावर कर पडत नाही. मग रोखीत फायदा कोणाचा? खरेदीदाराचा. मुद्रांक शुल्क दस्तातली रक्कम आणि सरकारी दरतक्त्यातले मूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर लागते; वरच्या रकमेचे शुल्क तो वाचवतो आणि उत्पन्नात न दाखवलेला पैसा जमिनीत मुरवतो. शेतकऱ्याच्या हाती राहते ती हिशेब देता न येणारी रोकड. बचत खात्यात वर्षभरात 10 लाख वा त्याहून जास्त रोख भरली की बँक आयकर खात्याला कळवते. पैसा जमिनीचाच आहे हे दाखवायला कागद लागतो, आणि कागदावर तर रक्कम कमी! करमुक्त पैशावर अशा रीतीने कर लागू शकतो. शिवाय 1 जून 2015 पासून जमिनीच्या सौद्यात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली, तर घेणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो. दोन्ही पक्षांचे उत्पन्न शेतीचे असून कोणाचेच करपात्र उत्पन्न नसेल तर सूट आहे. रिसॉर्ट काढणाऱ्या व्यावसायिकाशी केलेल्या सौद्यात ती मिळणार नाही.

लग्न, दवाखाना, सावकाराचे देणे यांसाठी हातात रोख लागते, असे शेतकरी म्हणतो आणि ते खरे आहे. पण स्वतःच्या खात्यात जमा झालेली रक्कम लागेल तशी काढायला कोणाची हरकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पकडतो कोण? 30 लाख वा त्याहून मोठ्या व्यवहारांची माहिती निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याकडे जाते; त्याखालचे पुष्कळ सौदे सुटत असतील, हे मान्य. पण नोटीस आली नाही तरी धोका उरतोच. ‘पूर्ण मोबदला मिळाला’ अशा खरेदीखतावर सही झाल्यावर वरचे पैसे बुडाले, तर लेखी दस्ताच्या विरुद्ध तोंडी पुरावा न्यायालय सहसा स्वीकारत नाही. खरेदीदारही पुरता सुटत नाही. जमीन अकृषक करून पुढे विकली की नफा करपात्र होतो आणि त्या हिशेबात न लिहिलेली किंमत खर्च म्हणून धरता येत नाही.

नाव उसने देण्याचा प्रकार याहून घातक आहे. विदर्भासाठीच्या 1958 च्या कूळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, अनिवासी भारतीयाला तर परकीय चलन कायद्यानेच शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घ्यायला मनाई आहे. म्हणून गावातल्या कोणाच्या तरी नावावर खरेदी होते. अमेरिकेतल्या मुलाने वडिलांना पैसे भेट दिले आणि वडिलांनी जमीन स्वतःसाठी घेतली, तर गोष्ट वेगळी. जमीन मुलाचीच आणि वडिलांचे केवळ नाव, असे असेल तर तो व्यवहार बेनामी ठरू शकतो. नोव्हेंबर 2016 पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यात जमीन जप्त होते, 1 ते 7 वर्षे सक्तमजुरी आहे, आणि नाव देणाराही शिक्षेस पात्र आहे.

नुकसान विकणाऱ्यापाशीच थांबत नाही, याचा विचार या भागात विशेष व्हायला हवा. कोळसा खाणी, गोसीखुर्दचे कालवे, रस्ते यांसाठी इथे भूसंपादन पाचवीला पुजलेले आहे. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यात बाजारमूल्य ठरवताना दरतक्त्याबरोबर आसपासच्या मागील तीन वर्षांतल्या नोंदणीकृत खरेदीखतांपैकी चढ्या किमतीच्या निम्म्या दस्तांची सरासरी पाहतात. ग्रामीण भागात त्यावर गुणांक लागतो आणि मग तितकीच दिलासा रक्कम मिळते. मूळ आकडाच खोटा असला तर पुढचा प्रत्येक आकडा त्याच प्रमाणात घसरतो. म्हणजे गावातले चार सौदे अर्ध्या किमतीने नोंदले गेले, तर ज्याने आपली जमीन कधी विकायला काढलीच नव्हती, त्या शेजाऱ्याच्या मोबदल्यातूनही ती रक्कम वजा होते. आणि भूसंपादन अधिकाऱ्यापुढे खरा भाव सिद्ध करायला त्याच्याकडे एकही दस्त नसतो.