खांद्यापासून २०.३२ सेंटिमीटर

खांद्याच्या हाडाच्या टोकापासून २०.३२ सेंटिमीटर मोजा. हात या रेषेच्या वर तोडावा लागला, तर माणसाची कमाईची ताकद ८० टक्के गेली असं कायदा धरतो. रेषेच्या खाली, कोपराच्या आसपास तोडला तर ७० टक्के. कोपराच्या टोकाखाली ११.४३ सेंटिमीटर सोडून त्याच्याही पुढे, किंवा नुसता पंजा गेला, तर ६०. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला जोडलेल्या तक्त्यातले हे आकडे आहेत. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे.

इतकं विचित्र माप कुठून आलं? २०.३२ ला २.५४ ने भागा, बरोबर ८ इंच येतात. ११.४३ म्हणजे साडेचार इंच. देशात सेंटिमीटर आले, आकडे बदलले, पण हातावरची रेषा जिथे होती तिथेच राहिली. आणि त्या रेषेला अर्थ आहे. हाताचा उरलेला भाग जितका लांब, तितका कृत्रिम हात पेलायला आणि वळवायला जोर मिळतो. कोपर वाचलं तर वाकण्याची क्रिया वाचते. शल्यचिकित्सकाला टेबलावर जे कळतं ते कायद्यानं तक्त्यात मांडून ठेवलं आहे.

बोटांपाशी तर हा तक्ता थक्क करतो. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. पेरागणिक वेगळे आकडे आहेत. हाड शाबूत राहून तर्जनीचं नुसतं टोक गेलं तरी ५ टक्के. एका हाताची तीन बोटं गेली तर ३०, आणि एकटा अंगठा गेला तरी ३०! अंगठा तळव्याशी घट्ट धरून सदऱ्याची बटणं लावून पाहा, म्हणजे हा हिशेब पटेल. इंग्लंडमधल्या केंट प्रांताचा राजा एथेलबर्ट यानं इसवी सन ६०० च्या सुमारास केलेल्या कायद्यातही अंगठ्याला २० शिलिंग आणि पायाच्या अंगठ्याला त्याच्या निम्मे, १० शिलिंग लावले होते.

आता पैशांचं गणित. महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के घ्यायचे, त्याला वयाच्या गुणकानं गुणायचं आणि मग अपंगत्वाची टक्केवारी लावायची. गुणक सोळाव्या वर्षी २२८.५४, चाळिशीत १८४.१७, पासष्टीत ९९.३७. जानेवारी २०२० मध्ये ठरलेल्या मर्यादेप्रमाणे मजुरी १५,००० धरली, तर पंजा गमावलेल्या चाळीस वर्षांच्या कामगाराला ९,९४,५१८ रुपये मिळतात. पण तोच माणूस पूर्ण अपंग ठरला तर १६,५७,५३०. साडेसहा लाखांहून मोठा हा फरक कशावर ठरतो, तेच या विषयातलं मला सगळ्यात विलक्षण वाटतं.

६ जुलै १९६८. ओडिशातल्या जेपूर गावी एका सिनेमागृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात तोडावा लागला. मालक म्हणाला, एकच हात गेलाय, अपंगत्व अंशतः आहे. डिसेंबर १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सुतारकाम एका हातानं होत नाही, तेव्हा हा माणूस त्याच्या कामापुरता १०० टक्के अपंग आहे. शिवाय भरपाईची जबाबदारी निकालाच्या दिवशी नव्हे, अपघाताच्या दिवशीच सुरू होते.

हैदराबादेत गौलीगुड्यात राहणाऱ्या मराठी माणसाला रस्त्यावरच्या अपघातासाठीही हे समजून घेण्याची गरज आहे. शेजारच्या महात्मा गांधी बसस्थानकातून आजही नांदेड, लातूर, सोलापूरच्या गाड्या सुटतात. समजा वाटेत नांदेडजवळ अपघात होऊन पाय गेला. दाव्यासाठी नांदेडला खेटे घालावे लागत नाहीत. आपण राहतो तिथल्या मोटार अपघात ट्रिब्युनलकडेही, म्हणजे हैदराबादेत, अर्ज करता येतो. मात्र १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे, ती सांभाळावी.

ट्रिब्युनलपुढे सुताराच्या त्या निकालाचंच सूत्र चालतं. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टातल्या न्या. रवींद्रन आणि न्या. गोखले यांच्या खंडपीठानं ते फार सुबक मांडलं: डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास, पण माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळजवळ सगळी बुडाली, आणि सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. म्हणून आधी विचारायचं, आता काय जमतं आणि काय जमत नाही. मग, पूर्वी काय काम करत होतात आणि वय किती. दाखल्यावर ४५ टक्के लिहिलेलं असेल तर ते फक्त त्या पायाचे की सबंध शरीराचे, हेही नीट पाहायचं. डॉक्टर साक्षीला आले तर हे त्यांच्याकडून वदवून घ्यावं.

पण कारकुनाचं नुकसान थोडं, असा सरसकट अर्थ काढू नये. दिल्लीतल्या विशीतल्या टायपिस्टचा उजवा हात गेला. डॉक्टरांनी ८९ टक्के लिहिले, खालच्या कोर्टांनी ते ४५ वर आणले. सप्टेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं ६५ टक्के धरले आणि पुढे वाढू शकणारी कमाईही मोजली. ज्याची बोटंच कामाची हत्यारं होती, त्याचं नुकसान निम्म्यावर आणणं मला तरी अन्यायाचंच वाटतं.

आणि कृत्रिम पाय? २०२२ च्या एका निकालात पायाची किंमत २,६०,००० रुपये होती, आयुष्य पाचसहा वर्षं, वर दुरुस्तीचा खर्च. पाय गमावला तेव्हा तो माणूस ३७ वर्षांचा होता. त्याला जन्मभरात किती पाय घ्यावे लागतील, याचा विचार करून कोर्टानं रक्कम वाढवली. तेव्हा दाव्यात पहिल्या पायाच्या बिलाशेजारी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पायाचा खर्चही लिहावा. घाबरून अर्जात रक्कम कमी मागितली गेली असेल, तरी योग्य भरपाई त्याहून जास्त होत असेल तर ट्रिब्युनल ती देऊ शकतं, असं सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सांगून ठेवलं आहे.