चामड्याची सायकल-बैठक : मुरविण्याच्या श्रमांचे मूल्य

प्रस्तावना : सायकलची बैठक जितकी मऊ तितकी ती सुखकर, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. दीर्घ पल्ल्याचे अनेक सायकलस्वार मात्र लाकडाइतक्या कठीण चामडी बैठकीस पसंती देतात आणि ती मुरविण्यासाठी शेकडो किलोमीटरचा त्रास पत्करतात. हा त्रास सार्थ ठरतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १८६६ मध्ये जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनी चामड्याच्या वस्तूंचा उद्योग सुरू केला व १८८२ मध्ये सायकल-बैठकीचे पेटंट घेतले. या उद्योगाची 'बी-१७' ही बैठक शतकाहून अधिक काळ बाजारात आहे. तिच्यात गादी मुळीच नसते. जाड चामड्याचा एकच तुकडा पुढच्या टोकापासून मागच्या धातूच्या पट्टीपर्यंत झोळीसारखा ताणून रिव्हेटांनी जडविलेला असतो.

हे चामडे वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले असते, आणि सारे मर्म येथेच आहे. घामाचा ओलावा, शरीराची ऊब व भार यांच्या योगाने त्यातील कोलॅजेनचे तंतू सरकतात आणि वाळल्यावर नवा आकार धरून ठेवतात. क्रोमने कमावलेले चामडे अधिक लवचीक असल्याने असा ठसा सहसा टिकवीत नाही. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची कोल्हापुरी चप्पल प्रारंभी चावते आणि पुढे पायाच्या ठेवणीप्रमाणे बसते, तेही याच गुणधर्मामुळे. सायकलच्या बैठकीवर आसनास्थींच्या जागी दोन उथळ खळगे पडतात व भार अस्थींवरच राहतो. याउलट मऊ गादीत आसनास्थी रुततात, मधला भाग वर येतो आणि जांघांमधील नसा व रक्तवाहिन्या दाबल्या जातात.

तथापि मुरविण्याने रुंदी बदलत नाही. आसनास्थींमधील अंतर व्यक्तिपरत्वे भिन्न असते. बैठक त्या मानाने अरुंद असेल तर कितीही किलोमीटर चालवूनही ती सुखकर होणार नाही. 'सहन करा, सवय होईल' हा सल्ला म्हणूनच सरसकट ग्राह्य नाही. अस्थींखालचा हळवेपणा हळूहळू ओसरतो. बधिरपणा ही मात्र निराळी गोष्ट आहे. तो जाणवल्यास बैठकीची उंची व कल तपासावा, आणि तरीही तो राहिल्यास ती बैठक सोडावी.

घाईने तेलात भिजविलेले चामडे लवकर मऊ होते खरे, परंतु तितक्याच लवकर लोंबते. पुढील बाजूचा ताणाचा स्क्रू हा त्यावरील मर्यादित उपाय होय. मेणयुक्त लेप बेताने लावणे पुरेसे असते. भिजलेल्या बैठकीवर स्वारी केल्यास ती कायमची ताणली जाते. त्यामुळे कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्याचे चार महिने आच्छादन अपरिहार्य ठरते. घर ते महाविद्यालय एवढीच दोन-तीन किलोमीटरची रपेट असणाऱ्यास हा खटाटोप परवडणारा नाही. त्याच उद्योगाने २०१३ मध्ये रबर व सुती कापडाची, मुरविण्याची गरज नसलेली बैठक बाजारात आणली, हेही येथे लक्षात घ्यावे.